चाक आधी अंगणात बदल

ओतूर, ता. जुन्नर
आषाढ

भाचेबुवा,

ताईने फोनवर सगळं सांगितलं. पिकअप दारात आली, हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं आणि पुढच्या आठवड्यापासून तू नारायणगावचा टोमॅटो माळशेजमार्गे वाशीला नेणार. बरं वाटलं. पण लिंबाचं काम पहिल्याच दिवशी संपतं, पुढचं आपल्याला करावं लागतं. फोनवर बोललो असतो तर 'हो मामा, हो मामा' म्हणून विसरला असतास, म्हणून लिहून धाडतो. वाचून झालं की कागद गाडीच्या कप्प्यात ठेव.

आधी माझी फजिती ऐक. तुझ्याच वयाचा होतो. घाटातला उतार, रात्र, पाऊस, गाडी भरलेली आणि मागचं डावं चाक बसलं. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, जॅक लावला. सगळं रीतसर केलं असंच वाटत होतं. चाक काढून बाजूला ठेवलं, तेवढ्यात एक नट गडगडत गेला. तो उचलायला वळलो आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला. गाडी हातभर पुढे सरकली होती, जॅक आडवा झाला होता आणि ड्रम चिखलात रुतला होता. क्षणभरापूर्वी त्याच ड्रमखाली माझा हात होता. नट गडगडला म्हणून हात राहिला.

दुसऱ्या दिवशी उस्तादाने शिव्या दिल्या आणि मग कारण सांगितलं. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना धरतो. तुझ्या गाडीत इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना जाते, म्हणजे गिअरने जे काही अडतं ते मागेच. आता मागचं एक चाक उचललं की काय होतं? मधला डिफरन्शियल एका चाकाला दुसऱ्यापेक्षा वेगळं फिरू देतो. वळणावर त्याचा उपयोग होतो, जॅकवर तोच घात करतो. अधांतरी चाक मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवरच्या चाकावरची गिअरची पकड सुटते. सगळी भरलेली गाडी उरते एका चाकाच्या हँडब्रेकवर, आणि माझी तर केबलही ढिली होती. पुढच्या चाकांना धरणारं कोणीच नव्हतं.

म्हणून हे पक्कं ध्यानात ठेव. मागचं चाक उचलायचं असेल तर जॅकला हात लावण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे. पुढचं उचलायचं तर मागच्या दोन्हींना. उताराच्या बाजूने आधी घट्ट, मग दुसऱ्या बाजूनेही. दोन चांगले तिरके ठोकळे सुताराकडून करून घे. घाटात पावसात गोल दगड शोधत बसायची वेळ येऊ देऊ नकोस.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे जागा. चाक बसलं म्हणून तिथल्या तिथे थांबायचं नाही. वळणावर, उतारावर किंवा दरडीखाली असशील तर धोक्याचे दिवे लावून पायी चालण्याच्या वेगाने सपाट, कडक, लांबून दिसणाऱ्या जागेपर्यंत जा. टायर फाटेल, कदाचित रिमही जाईल. जाऊ दे. टायर बाजारात मिळतो. जागाच मिळाली नाही तर माणसं गाडीतून उतरून रस्त्यापासून दूर उभी राहू देत, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या क्रमांकावर फोन कर. परावर्तक त्रिकोण गाडीला चिकटवून ठेवलास तर तो शोभेचा. मागे पन्नास पावलं तरी ने; वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेव, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल, मग तू.

आता स्टेपनी. हा शब्द कुठून आला माहीत आहे? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस भावांनी 1904 च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक काढलं, आणि रस्त्याचं नाव चाकाला लागलं. त्यांच्याकडे तो शब्द मागे पडला, आपण मात्र अजून तोच बोलतो. शब्द जपला, चाक मात्र जपत नाही. हौद्याखाली टांगलेल्या स्टेपनीला वर्षभर कोणी हात लावत नाही. चिखलाने साखळी गंजते, हवा उतरते. त्यातून भरलेली गाडी एका बाजूला बसली की ती स्टेपनी खालून निघता निघत नाही. म्हणून दर महिन्याला ती खाली उतरव, साखळीला तेल दे, हवा बघ. रस्त्यावर आधी स्टेपनी बाहेर काढ, मग गाडी उचल. आणि बाहेर काढलेली ती स्टेपनी जॅकशेजारी चासीखाली आडवी सरकवून ठेव. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही. जुनं चाक निघालं की ते खाली सरकव आणि स्टेपनी घे.

नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर. वर उचललेल्या गाडीला पान्याचे हिसके द्यायचे नाहीत. मागे जॅक कमानीच्या पाट्यांजवळ एक्सलखाली लागतो. पुढची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवली आहे, ती आजच बघून घे. जॅकखाली जाड फळी हवीच. ओल्या मातीत जॅक सुईसारखा आत जातो. जमीन भुसभुशीत असेल तर आळस न करता क्रेट उतरव. आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

चाक चढवताना हबची बाहेरची बाजू आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने साफ कर. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की नट आज घट्ट वाटतो. चार दिवसांनी पापुद्रा चुरतो आणि नट ढिला होतो. नटाची निमुळती बाजू रिमकडे. आट्यांना ग्रीस लावायचं नाही. तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणतो. आवळताना शेजारचा नट घ्यायचा नाही, समोरचा घ्यायचा. पाच बोल्ट असतील तर एका रेघेत चांदणी काढतो तसा पाना फिरव. आधी सगळे हलके, मग गाडी खाली घेऊन पुस्तकात दिलेल्या जोराने. पान्याला पाइप लावून वर नाचायचं नाही. पंक्चरवाला एअर गन लावून आवळतो तेव्हाही त्याला सांग, शेवटचं हाताने कर. नाहीतर रात्री घाटात तोच नट तुझ्या पान्याला दाद देणार नाही. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने थांबून नट पुन्हा तपास. नटाखालून गंजाचा लाल ओघळ आलेला दिसला तर समज, तो नट हलतोय.

टायर तुझ्याशी बोलतो, वाचायला शीक. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्ये झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलं. हवा गार टायरमध्ये, मीटरने, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याइतकी. लाथ मारून हवा कळत नाही. धावून तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नकोस; कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो आणि फुटतो. बाजूवरचे शेवटचे चार आकडे टायरचं वय सांगतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर संपला.

आणि वजन. इथे व्यापारी तुझी परीक्षा घेईल. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. वजाबाकी केलीस की तुझा माल निघतो. पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. समज, फरक 1,300 किलोंचा आहे. तू आणि किन्नर मिळून 130 गेले, उरले 1,170. क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो, क्रेटचे धर दोन. म्हणजे 53 क्रेट. व्यापारी म्हणेल, 'बाकीचे ऐंशी नेतात.' त्याला सांग, ऐंशीचा माल तुमचा, ब्रेक माझा. जादा वजनाचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, पण तो पाटे, बेअरिंग आणि टायर रोज भरतात, पावती न फाडता.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास साधारण त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल करून, वर इंजिनही बंद करून डिझेल वाचवणारे मी पाहिलेत. इंजिन बंद केलं तर दोन-तीन दाबांत ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं. उतरून थांबलास की चारही हबांजवळ हात ने, लावू नकोस. एकच हब भाजत असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग चाललंय.

शेवटची गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही. काम झालं की ठोकळे उचल, त्रिकोण उचल, आणि कोणी मदतीला लावलेले दगड असतील तर तेही हाताने उचलून रस्त्याबाहेर टाक. गाडी निघून जाते, दगड रस्त्यात राहतात. पहाटे दूध घालायला निघालेल्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. तुझं चाक बदलून झालं, पण दगड तिथेच असेल तर काम झालेलं नाही.

हे सगळं घाटात आठवत नाही. पाऊस असतो, मागून हॉर्न वाजतात, हौद्यातला माल मऊ पडत असतो. तेव्हा हात तेवढंच करतात जेवढं त्यांना आधी माहीत असतं. म्हणून रविवारी गाडी घेऊन ओतूरला ये. अंगण सपाट आहे. चारही चाकं तू एकेक काढून पुन्हा बसवायचीस, शेवटचं कंदिलाच्या उजेडात. मी ओट्यावर बसून नुसता बघेन. मामी पुरणपोळ्या करणार आहे, पण त्या चौथं चाक बसल्यावर.

तुझा,
मामा