वादळानंतरची अमानत



३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. ईदुल-फित्र होऊन अवघे नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या, त्या रमजानची तरावीह लोकांनी घराघरांत अदा केली होती, आणि मुंबईचा चाकरमानी मुंबईतच अडकून पडला होता. अशा वेळी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतील घरांची छपरे काही तासांत उचलून नेली. विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले आणि आजोबा-पणजोबांनी लावलेल्या नारळ-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेव्हा त्या दुपारी काय गेले, याचा हिशेब केवळ पडलेल्या झाडांच्या संख्येने होत नाही.

या प्रसंगी मदत आली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मुंबई, पुणे, भिवंडी, नाशिक येथून गाड्या आल्या, आखाती देशांतील मुलांनी पैसे पाठवले, आणि मुस्लिम संस्थांच्या गाड्यांतील धान्य सर्व धर्मीयांच्या चुलीपर्यंत गेले. अल्लाह ही सेवा कबूल करो. परंतु कोणत्याही आपत्तीत जे चित्र दिसते तेच इथेही दिसले. ज्या गावाला डांबरी रस्ता, त्या गावात पाच-पाच संस्थांचे किट. आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, जिथे गाडी वळत नाही, तिथे आठ दिवसांनी पहिली ताडपत्री. एका घरात तांदळाच्या चार पिशव्या, शेजारच्या घरात एकही नाही. मने उदार होती, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की मनाच्या उदारतेवर आपली जबाबदारी संपते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला अशअरी कबिल्याविषयीची हदीस आठवते. ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. हे यमनचे लोक. मोहिमेवर असताना त्यांची शिदोरी संपत आली किंवा मदीनेत त्यांच्या मुलाबाळांचे अन्न कमी पडू लागले, की ते आपल्याजवळचे सर्व काही एका कापडात जमा करीत आणि मग एकाच भांड्याने मापून आपसांत सारखे वाटून घेत. प्रेषितांनी (स.) अशा लोकांना आपले म्हटले आणि स्वतःला त्यांच्यातले म्हटले. यापेक्षा मोठा सन्मान कोणत्या समूहाला मिळू शकतो?

या हदीसकडे आपण त्यागाचा दाखला म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात पद्धतही सांगितली आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. कापड एक आहे. त्यात पडलेला खजूर कोणाचा, हे पडल्यानंतर ओळखता येत नाही. देणाऱ्याचे नाव तिथेच मिटते. भांडेही एक आहे. म्हणजे ज्याच्या ओळखीचे लोक अधिक, त्याला मोठे माप, असे घडू शकत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक संस्थेचे कापड वेगळे असते आणि त्यावर तिचे नाव छापलेले असते. संस्था अनेक असण्यात काही वाईट नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी एक मेज, एक वही, आणि त्या वहीत नोंद झाल्याशिवाय कोणतीही गाडी पुढे जाणार नाही, एवढे तरी आपण ठरवू शकतो. सूरह अल-माइदामध्ये (५:२) सत्कर्मात व ईशभयात परस्परांना सहकार्य करण्याची आज्ञा आहे. सत्कर्म करा, एवढ्यावर ती आज्ञा थांबत नाही. ते एकमेकांच्या साथीने करा, असे ती सांगते. ही आज्ञा दानशूर व्यक्तीला जशी लागू आहे, तशीच दानशूर संस्थांनाही.

इथे थोडे विषयांतर. अशा संकटानंतर काही मंडळी तत्काळ निर्णय देतात की हा अमुक गावावर आलेला अजाब आहे. ज्याचे छप्पर उडाले त्याला हे ऐकवणे म्हणजे उघड्या जखमेवर हात फिरवणे होय. आकाशात काळे ढग दिसले, वारा सुटला, की स्वतः प्रेषितांचा (स.) चेहरा चिंतेने बदलत असे, हे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे. भय त्यांनी स्वतःसाठी बाळगले. दुसऱ्याच्या पडलेल्या घराकडे बोट दाखवले नाही.

मूळ मुद्द्याकडे येऊ. वही कोणी लिहावी? हजरत यूसुफ (अ.) यांनी मिस्रच्या राजाकडे भांडारांची जबाबदारी मागितली तेव्हा स्वतःचे दोन गुण सांगितले: आपण रक्षण करणारे आहोत आणि जाणकार आहोत (१२:५५). भक्तीचा, वंशाचा, सौंदर्याचा उल्लेख तिथे नाही. दुष्काळाच्या कामाला प्रामाणिकपणा व माहिती या दोन गोष्टी लागतात, आणि एकीवाचून दुसरी अपुरी पडते. प्रामाणिक पण अजाण कार्यकर्ता पहिल्या दिसलेल्या दारात सगळे उतरवून मोकळा होतो. माहीतगार पण बेइमान माणसाबद्दल बोलायलाच नको. आपल्या कोकणात जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्याची जमात आहे, तिची मुंबईत शाखा आहे, वर्गणीची वही आहे. कोणत्या घरात कोण आजारी, कोणाचा मुलगा कतारमध्ये नोकरी गमावून बसला, हे जमातीच्या सचिवाला तलाठ्याच्या आधी ठाऊक असते. हे ज्ञान अमानत आहे. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ती यादी सरपंचांच्या व तलाठ्यांच्या यादीशी ताडून पाहिली, तर पंचनाम्यातून सुटलेले घरही सापडेल आणि दोनदा लिहिले गेलेलेही.

यादीत कोण येत नाही, याचा विचार अधिक करावा लागतो. सूरह अल-बकराने (२:२७३) अशा गरजूंचे वर्णन केले आहे जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत आणि त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणूस त्यांना संपन्न समजतो. कोकणात हे वर्णन कोणाला लागू पडते? ज्यांचे घर चिरेबंदी, नावावर वाडी, दारात नारळ, अशा घराण्यांना. निसर्ग वादळाने अशा कुटुंबांचे पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न एका दुपारी नेले. रांगेत उभे राहण्याची त्यांना सवय नाही आणि त्यांना रांगेत पाहण्याची आपल्यालाही नाही. हजरत कबीसा बिन मुखारिक (र.) यांना प्रेषितांनी (स.) समजावले होते की मागणे तीन प्रकारच्या लोकांनाच योग्य आहे, आणि त्यांत एक तो, ज्याची मालमत्ता आपत्तीने नष्ट केली; उदरनिर्वाहाची सोय लागेपर्यंत त्याला मागण्याची मुभा आहे. ही हदीस सही मुस्लिममध्ये आहे. शाफई फुकहांनीही स्पष्ट केले आहे की ज्याच्याकडे जमीन आहे पण तिचे उत्पन्न पुरत नाही, तो जकातीस पात्र ठरू शकतो. त्याला आधी जमीन विकायला लावू नये. तेव्हा वाडीवाल्याला कशाला जकात, असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी त्या वाडीत जाऊन यावे. अशा घरी दिवसा गाडी नेऊ नये. रात्री एक माणूस जावा, बंद पाकीट द्यावे आणि परत यावे.

यादीबाहेर राहणारा दुसरा वर्ग याच्या अगदी उलट टोकाला आहे: आदिवासी वाडीवरचे कातकरी कुटुंब, ज्याचे घर कागदोपत्री कोणाच्याच नावावर नसते. तो मुसलमान नाही म्हणून आपल्या जमातीच्या वहीत नाही, आणि सातबारा नाही म्हणून सरकारी वहीतही मागे पडतो. सूरह अल-बकरामध्येच (२:२७२) सांगितले आहे की लोकांना सन्मार्गावर आणणे प्रेषितांच्या जिम्म्यावर नाही, आणि जे खर्च कराल त्याचा लाभ तुम्हालाच आहे. मुस्लिमेतर नातलगांना दान देण्यास काही सहाबांना संकोच वाटू लागला, तेव्हा ही आयत अवतरली, असे भाष्यकारांनी नोंदवले आहे.

हिशेबाचा एक मुद्दा इथेच सांगितला पाहिजे. बहुसंख्य फुकहांच्या मते जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे, तर सदका व इमदाद कोणालाही देता येते. जकातीतून मशिदीचे छप्पर बांधता येत नाही. गरजूच्या घराचे पत्रे देता येतात, पण ते त्याच्या मालकीचे करून. म्हणून जकातीची वही वेगळी व इमदादीची वेगळी, हा नियम पहिल्या रुपयापासून पाळावा. नंतर निवडायला बसले की सगळे एकमेकांत मिसळलेले असते. कोकणात बहुसंख्य शाफई आहेत आणि या मसलकात जिथली जकात तिथेच देण्यावर भर आहे. शहरातून पाठवणाऱ्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आपत्तीत अनेक आलिम ती पाठवण्याची परवानगी देतात.

आता निवाऱ्याविषयी. सूरह अन-नहलमध्ये (१६:८०) अल्लाहने आपल्या उपकारांत घराची गणना केली आहे. घर हे शांत राहण्याचे ठिकाण म्हटले आहे, आणि त्याच आयतीत प्रवासात व मुक्कामात हलके वाटणाऱ्या कातड्याच्या तंबूंचाही उल्लेख आहे. म्हणजे तात्पुरता निवाराही नेमतच आहे. पण त्यातही शांती असली पाहिजे. शाळेच्या एका वर्गात पाच कुटुंबे, मध्ये पडदा नाही, स्त्रियांना अंधारात लांबच्या संडासाला जावे लागते, याला निवारा म्हणता येईल काय? ताडपत्रीची एक आडवी दोरी, एक सौर कंदील, स्त्रियांसाठी वेगळे न्हाणीघर, बाळंतिणीला कोपऱ्यातली कोरडी जागा: या वस्तूंना फार पैसे लागत नाहीत, फक्त कोणाला तरी त्या सुचाव्या लागतात. म्हणून निवाऱ्याच्या व्यवस्थेत दोन-तीन जाणत्या स्त्रिया असाव्यात. बहुतेक जमातींच्या समितीत त्या नसतात.

मशीद उघडावी काय, असे विचारले जाते. मस्जिदे नबवीच्या ओट्यावर घरदार नसलेले असहाबे सुफ्फा राहत होते. मशिदीच्या आवारात जखमी हजरत सअद बिन मुआज (र.) यांच्यासाठी तंबू उभारला गेला. एका मुक्त केलेल्या गरीब दासीची झोपडी मशिदीत होती, असे बुखारीत आहे. सकीफचे शिष्टमंडळ तर इस्लाम स्वीकारण्यापूर्वी आले होते, आणि त्यांचा मुक्काम मशिदीतच करण्यात आला. इतके दाखले समोर असताना, पावसात भिजणाऱ्या शेजाऱ्याला, तो कोळी असो, कुणबी असो वा भंडारी, मशिदीच्या पडवीतून परतवण्यास मला तरी कोणताही आधार सापडत नाही. पावित्र्य राखलेच पाहिजे. म्हणून सोयीचे हे की कुटुंबांना मदरशाच्या खोल्या व जमातखाना द्यावा, आणि पुरुषांची सोय मशिदीच्या बाहेरच्या भागात करावी. मदरशाची मुले आठ दिवस एका खोलीत सबक घेतील. त्यांच्या शिक्षणात त्याने उणे काही पडणार नाही.

काय द्यावे, यातही नियोजन लागते. वादळानंतर मान्सून दारात उभा असतो. २०२० साली तो ११ जूनच्या सुमारास कोकणात दाखल झाला. मधल्या आठवड्यात तांदळापेक्षा ताडपत्री, पत्रे, हूक, खिळे, दोर आणि छपरावर चढू शकणारे दोन सुतार यांची गरज अधिक होती. वीज नाही म्हणून विहिरीचा पंप नाही, म्हणून पाणी नाही. अशा वेळी एक जनरेटर गाडीवर घालून गावोगाव टाक्या भरून दिल्या, तर तो शंभर किटांहून मोठा सदका ठरतो. आणि जुन्या कपड्यांची गाठोडी! सूरह अल-बकराने (२:२६७) बजावले आहे की जी वस्तू स्वतः घेताना डोळे झाकावे लागतील ती दान म्हणून निवडू नका. आपत्तीग्रस्त गावांच्या शाळांत अशी गाठोडी कोपऱ्यात कुजत पडतात आणि शेवटी शिक्षकांना ती जाळावी लागतात. छायाचित्रांविषयी दोनच वाक्ये. उपकार बोलून दाखवणे व दुखावणे याने दान व्यर्थ जाते (२:२६४), हे आपण मिंबरवरून नेहमी ऐकतो. किट हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहायला लावलेली विधवा हे त्या आयतीचे आजचे भाष्य आहे.

हजरत उमर (र.) यांच्या काळात हिजरी १८ मध्ये हिजाजवर भीषण दुष्काळ आला, इतिहासात तो आमुर्रमादा, म्हणजे राखेचे वर्ष, म्हणून ओळखला जातो. अरबस्तानातून उपाशी कबिले मदीनेभोवती येऊन उतरले. खलिफांनी शाम व इराकच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली.  इब्ने सअद यांनी नोंदवले आहे की मदीनेच्या प्रत्येक बाजूला त्यांनी एकेक जबाबदार माणूस नेमला होता, आणि संध्याकाळी हे सर्व जण एकत्र येऊन दिवसभराची हकिगत त्यांना सांगत. जेवायला आलेल्यांची मोजणी होई; जे आजारी किंवा अशक्त असल्याने येऊ शकत नव्हते त्यांचीही मोजणी होई आणि त्यांना जागेवर अन्न पोहोचवले जाई. स्वतः खलिफा तूप व मांस वर्ज्य करून लोकांसारखेच खात होते.

हे सर्व आपण अनेकदा ऐकले आहे. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. पाऊस पडला, तेव्हा हजरत उमर (र.) यांनी त्या लोकांना तळावर तसेच सोडले नाही. तीच नेमलेली माणसे कबिल्यांना शहराबाहेरपर्यंत घेऊन गेली, आणि त्यांना वाटेचे अन्न व स्वारीची जनावरे देऊन आपापल्या भूमीकडे रवाना करण्यात आले. आपल्या गावांत हा शेवटचा टप्पाच राहून जातो. किट वाटून गाड्या परततात, वही बंद होते, आणि पुढच्या मेमध्ये कोणाच्या तरी घरावर तीच फाटकी ताडपत्री असते. २०२१ साली ईदनंतर दोन-तीन दिवसांतच तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा निसर्गने उडवलेली काही छपरे अजून पुरती उभी राहिली नव्हती. तेव्हा ज्या जमातींकडे त्या वेळच्या याद्या शिल्लक असतील त्यांनी त्या काढून प्रत्येक नावापुढे एवढेच तपासावे: या घरावर आता कौले किंवा पत्रे पक्के बसले आहेत काय. जिथे उत्तर नाही असे येईल, त्या घराचे काम येत्या पावसाळ्याआधी जमातीने अंगावर घ्यावे.