दुखत नाही म्हणून

‘गाठ लागत होती हाताला, पण दुखत नव्हती. म्हणून राहू दिली.’ स्तनांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे उत्तर नवं नाही. आणि या रोगाची सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखतच नाही.

या उत्तराला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपल्याकडच्या बायकांनी दुखणं मोजायला एकच माप वापरलं आहे: त्यानं काम अडतं का? कंबर धरली तरी पाणी भरायचं, अंगात कणकण असली तरी डबे करायचे. काम अडत नसेल, तर ते अंगावर काढायचं. हे माप त्यांना परिस्थितीनंच दिलं. तपासणी मात्र नेमकं उलट मागते. काही होत नसताना, दिवसाची मजुरी बुडवून, अनोळखी माणसासमोर पदर बाजूला करायचा.

शिवाय ‘आमच्या घरात कुणाला नाही’ हा दिलासा असतोच. खरं तर हा रोग झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या घराण्यात तो आधी कुणाला झालेला नसतो. ‘सुई लावली की पसरतो’ हीसुद्धा एक भीती. सुईच्या तपासणीनं तो अंगभर पसरत नाही. पण सगळ्यांत खोल रुतलेली समजूत वेगळीच आहे: कर्करोग सापडला म्हणजे संपलं. ती हवेतून आलेली नाही. शेजारची बाई फार उशिरा दवाखान्यात गेली आणि काही महिन्यांत गेली, हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या धास्तीनं हीसुद्धा टाळते, उशिरा पोचते, आणि तिच्याकडे पाहणाऱ्या आणखी चारजणींची समजूत पक्की होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेली शंभरात एकही भरली नाही.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ साली वस्त्यांमधून एक अभ्यास सुरू केला. दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी झाली, तीही यंत्राविना, नुसत्या हातांनी. आणि करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविका. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या मृत्यूंत तसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. तरी मला यात मोठा धीर वाटतो. ज्या वस्त्यांत काम बुडवणं सर्वांत महाग पडतं, तिथल्या बायका कुणी नीट समजावून सांगितल्यावर पुढे आल्या.

आता सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रीसाठी दर पाच वर्षांनी हीच हाताची तपासणी ठरवून दिलेली आहे. आज घरात आईला, सासूबाईंना, वहिनीला विचारून पाहा, त्यांची ती कधी झाली आहे का. ‘मला काय झालंय?’ असं उत्तर आलं, तर वाद घालू नका. त्यांच्यासोबत कोणत्या दिवशी जायचं आणि त्या दिवशी डबे कोण करणार, तेवढं ठरवा.