तराळकी केलेली माणसे अजून आपल्यात आहेत



थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची गाथा आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी होती, असे परंपरा सांगते. कडाक्याच्या थंडीतही तिला नदीत उतरून पाणी भरावे लागे, कारण मालकिणीच्या माराचे भय! भिक्षुणी झाल्यावर तिने हे लपविले नाही. आपण पाणी भरणारी दासी होतो हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि संघाने ते जपून ठेवले.

आता आपल्या पाटण खोऱ्यातल्या घरांकडे पाहा. महार वतन रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला व १९५९ साली अमलात आला. त्या वेळी बापाबरोबर चावडीवर जाणारे पंधरा वर्षांचे पोर आज ऐंशी ओलांडून गेले आहे. तराळकी अंगावर घेतलेली ही शेवटची माणसे. सरकारी माणसाचे ओझे डोक्यावरून पुढच्या गावी पोचवायचे, सारा पाटणच्या कचेरीत जाताना बरोबर चालायचे, कुणी मेले की भर पावसात डोंगर चढून सोयऱ्यांना सांगावा द्यायचा, मेलेले जनावर ओढायचे आणि सांजेला दारोदार जोहार घालून भाकरी मागायची. बदल्यात जमिनीचा तुकडा व सुगीचे बलुते. बाप आजारी पडला तर घरातले दुसरे कुणी जाई. काम चुकत नसे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणले होते. ते मंजूर झाले नाही. गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी एक कठोर गोष्ट दाखविली: गुलामाला किंमत मोजलेली असे म्हणून धनी त्याच्या जिवाला जपे, अस्पृश्याच्या जिवाची जबाबदारी कुणावरच नव्हती.

अमेरिकेचा दाखला आपल्याला परका नाही. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांनाच. तिथे १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. पुढे सत्तर वर्षांनी, १९३६ ते १९३८ या काळात, सरकारने माणसे पाठवून गुलामीत जन्मलेल्या दोन हजारांवर वृद्धांच्या हकिकती लिहून घेतल्या. फाउंटन ह्यूज यांचा तर आवाजच १९४९ साली बाल्टिमोर शहरात मुद्रित केला. गुरेढोरे विकावी तशी माणसे विकत, हे त्यांनी सांगितले. पुन्हा गुलाम होण्यापेक्षा बंदुकीने जीव देईन, असेही म्हणाले. १९५७ साली ते वारले. आवाज मात्र आजही ऐकता येतो.

पण त्या हकिकतींत एक खोट आहे, ती ध्यानात घ्या. विचारणारे बहुतेक गोरे होते. सांगणारे म्हातारे, गरीब, गोऱ्यांच्याच गावात राहणारे. म्हणून पुष्कळांनी तोंड आवरून, धनी चांगला होता असे सांगितले. आपल्याकडे वेगळे काय घडेल? वाड्यावरचा मुलगा वही घेऊन आला तर आपली आजी म्हणेल, “पाटील लई चांगले होते, बाबा.” नातीने चुलीपाशी बसून विचारले तर कदाचित दुसरेच काही बोलेल.

आणि नेमकी ही नातच विचारीत नाही! दीक्षा घेतलेल्या पुष्कळ घरांत आजोबांनी चावडीचा विषय काढला की मुले त्यांना गप्प करतात. पाहुण्यांसमोर तर हटकून. आपण ते काम टाकले, ते ज्यांच्यावर लादले होते ती माणसे टाकलेली नाहीत. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी बापाची तराळकी ‘तराळ-अंतराळ’मध्ये उघड लिहिली, आणि ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले होते. लाज कुणाला वाटायला हवी?

म्हणून या वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा. गावे किती होती, ओझे कसले होते, भाकरी कोण हातात देई आणि कोण वरून टाकी, वतनाच्या जमिनीचे पुढे काय झाले, पहिल्यांदा ‘नाही’ कोण म्हणाले, हे विचारा. त्यांच्याच बोलीत लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. सांगता सांगता आजी गप्प झाली तर वही मिटा, तिला पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी जाऊन बसा.