तोडणीनंतरचे तास

मटारच्या ताज्या शेंगा मुठीत धरून एकमेकींवर घासल्या तर चुरचुरतात. शिळ्या शेंगांना आवाज नसतो. पावसाळा सरत येतो आणि पुरंदरचा वाटाणा पुण्याच्या मंडईत उतरतो, तेव्हा जाणत्या गिऱ्हाइकाचा हात आपसूक हीच परीक्षा घेतो. मग एखादी शेंग फोडून दाणे कच्चेच तोंडात टाकायचे. गोड लागले तरच भाव विचारायचा.

हा गोडवा फार टिकत नाही. वेलीवरून तोडली तरी शेंग जिवंतच असते, श्वास घेत असते. झाडाची रसद तुटल्यामुळे ती स्वतःतलीच साखर खर्च करते आणि उरलेल्या साखरेचं पिष्ट होऊ लागतं. उष्म्यात हे फार झपाट्याने घडतं. पोत्यात कोंबलेला, ट्रकमध्ये रात्र काढलेला आणि हातगाडीवर ऊन खाल्लेला मटार म्हणूनच रंगाला हिरवा राहतो, पण चवीला पिठूळ होतो. टोपलीतली भाजी ताजी आणि पिशवीतली शिळी, असा हिशेब आपण डोळे मिटून करतो. मला तो मान्य नाही. तोडणीनंतर किती तास गेले आणि ते कोणत्या हवेत गेले, हे आधी विचारायला हवं.

या तासांशी माणूस फार पूर्वीपासून झगडतो आहे. गवार, भेंडी, कारली उन्हात वाळवून ठेवणाऱ्या आपल्या बायकांनी पाणी काढून घेऊन काळ थोपवला. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने उष्णतेचा मार्ग धरला. काचेच्या बाटल्यांत भाज्या भरून, बुचं घट्ट बसवून त्याने त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. पद्धत छापून सर्वांना खुली करायची या अटीवर १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. भाजी का टिकते, हे मात्र त्यालाही सांगता आलं नसतं. पाश्चर जन्मायला अजून १२ वर्षं होती.

पत्र्याचा डबा याच बाटलीचा वंशज. मटारसारख्या आंबटपणा नसलेल्या भाजीत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचे चिवट बीजाणू मारायला डबा दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्या आचेत हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. दाणा शेवाळी होतो, मऊ पडतो. असा मटार उसळीत घालायला माझा हात धजत नाही. टोमॅटोचं वेगळं आहे. तो जात्याच आंबट, त्यामुळे त्याला एवढी आच लागत नाही. शिवाय शिजल्यावर त्यातलं लायकोपीन शरीराला अधिक मिळतं. बाजारात फिकट, पाणचट टोमॅटो असतील त्या दिवसांत रश्श्यासाठी डब्यातला टोमॅटो सरस ठरतो.

गोठवण्याची गोष्ट लॅब्राडोरच्या बर्फातली. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने तिथे पाहिलं, की कडाक्याच्या वाऱ्यात पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. थंडी झपाट्याने बसली की बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेशींच्या भिंती फारशा फाटत नाहीत. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचा गोठवलेला माल विक्रीला आला. त्यात मटारही होता. आजही कारखान्यात दाणे आधी उकळत्या पाण्यातून वा वाफेतून काढतात, म्हणजे चव आणि रंग बिघडवणारी विकरं निकामी होतात. थोडं क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर जातं, हे खरं. पण कारखाना शेताला लागून असेल, तर हा मटार एप्रिलमधल्या टोपलीतल्या मटारापेक्षा ताजा म्हणावा लागेल.

फ्रीजरमधून उचललेल्या पिशवीत दाणे सुटे असावेत. गोळा झाला असेल, तर बहुधा मधे कुठेतरी थंडी तुटली आणि माल वितळून पुन्हा गोठला. घरी आणल्यावर त्याला कुकरमध्ये घालणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. तो अर्धा शिजलेलाच असतो. खोबरं-मिरची-आल्याचं वाटण परतून, रस्सा उकळल्यावर शेवटी दाणे टाकावेत आणि एक उकळी आली की गॅस बंद करावा. काकडी आणि कोथिंबीर मात्र या वाटेला नेऊ नयेत. त्यांचं सगळं रूप पाण्याने ताठ राहिलेल्या पेशींत असतं आणि बर्फ नेमका तोच ताठपणा मोडतो.

परदेशातल्या मराठी घरांत हा प्रश्न रोजचाच. तिथल्या भारतीय दुकानांत गोठवलेल्या शेवग्याच्या शेंगा, मेथी, ओलं खोबरं मिळतं. शेवग्याची शेंग आमटीत मऊच व्हायची असते, म्हणून ती निर्धास्त घ्यावी. मेथी पराठ्यात खपते. लसूण घालून परतलेल्या मोकळ्या भाजीला ती ओलसर पडते. डब्यातल्या अळूवडीबद्दल मात्र मला बरं बोलवत नाही. तव्यावर परतल्यावर कडा कुरकुरीत होतात खऱ्या, पण उकडलेल्या अळूचा वास त्या डब्यातून कधीच येत नाही.