काटे आणि ठोके

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्या अवधूतांनाच आपण श्रीदत्तप्रभू मानतो. त्या गुरूंत पृथ्वी आहे, कबुतर आहे, बाण घडवणारा कारागीरही आहे. घड्याळ नाही. पण यंदा मला घड्याळानं जो धडा दिला, तो दत्तजयंतीच्या अंकात सांगावासा वाटतो.

वडिलांचं जपानी बनावटीचं ठोक्यांचं घड्याळ खडवलीच्या घरी माळ्यावर पडून होतं. बंद पडण्याआधी त्याला एक खोड होती. काटे पाच दाखवायचे आणि ठोके पडायचे तीन. वडील म्हणायचे, "दोन मिळवा, म्हणजे झालं!"

ओळखीच्या घड्याळजींना विचारून ते मी घरीच उघडलं. आधी दोन्ही स्प्रिंगांचा ताण सावकाश उतरवला. किल्ली दिलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोट फोडते. वडिलांनी मायेनं घातलेलं खोबरेल आत चिकटून बसलं होतं. चाकं रॉकेलमध्ये धुतली, आसांची भोकं लाकडी काडीनं साफ केली. घड्याळाचं तेल फक्त आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. चाकांच्या दात्यांना नाही. तिथे तेल धूळच धरतं.

आत पाहिल्यावर खोड उमगली. काट्यांची स्प्रिंग वेगळी, ठोक्यांची वेगळी. तास भरला की काटे फक्त "वाज" म्हणतात. किती वाजायचं ते खाचांचं एक चाक आपल्या क्रमानं ठरवतं. बारा तासांत तासांचे 78 आणि अर्ध्या तासांचे 12, असे 90 ठोके. ठोक्यांची किल्ली आधी उतरली, की क्रम मागे पडतो आणि पुढचे सगळे ठोके चुकतात. आवाज मात्र तितकाच खणखणीत!

अशा वेळी काटे फिरवून ठोक्यांशी जुळवायचे नसतात. काटे खऱ्या वेळेवर ठेवायचे आणि आतली बारीक तार बोटानं उचलून ठोके एकेक पुढे न्यायचे.

ती तार उचलताना मला माझाच शब्द आठवला. वडील गेल्यावर धाकट्या भावाला मी सर्वांदेखत म्हटलं होतं, "घड्याळ नीट करून तुला देतो." त्यानंतर अकरा वर्षं, दर दिवाळीला हेच म्हणत आलो. ठोके खणखणीत, काटा जागचा हलत नव्हता. आणि आता घड्याळ सुरू झाल्यावर मन म्हणू लागलं, मी धुतलं, मी तेल दिलं, मग माझ्याच भिंतीवर का नको? बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं, की पासबुक कुणाच्या खिशात आहे यावर खातं कुणाचं ते ठरत नाही.

घड्याळात ठोक्यांनी काट्यांकडे यायचं असतं. माणसाचं उलट आहे. दिलेला शब्द मागे घेता येत नाही, म्हणून वागण्याच्या काट्यालाच पुढे सरकावं लागतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, राहू दे आता तुझ्याकडेच." क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते देणं नव्हतं, वाट पाहून थकणं होतं. लंबक काढून वेगळा गुंडाळला, घड्याळ गोधडीत बांधलं आणि कल्याणला गाडी बदलून बदलापूर गाठलं. त्याच्या भिंतीवर टिकटिक दोन्ही बाजूंनी सारखी पडेपर्यंत घड्याळ सरकवत राहिलो. पाच वाजले, पाच ठोके पडले. भाऊ काही बोलला नाही. चहा ठेवायला सांगून वडिलांच्या फोटोकडे पाहत बसला.

आपणही मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्माचा पाळणा हलवू. नामाचे ठोके आपले खणखणीत असतातच. काटा कुठे अडकला आहे, तेवढं त्या दिवशी ज्यानं त्यानं पाहावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥