मृतांचें स्मरण कसें करावें?

सन 2003 च्या फेब्रुवारीची 1 तारीख होती. सोळा दिवस अंतराळांत राहून 'कोलंबिया' हें यान परत येत असतां, उतरण्यास सुमारें 16 मिनिटें उरलीं तेव्हां टेक्सास प्रांतावर तें भंगलें व आंतील सातही जण प्राणांस मुकले. त्यांत कर्नालची कन्या कल्पना चावला होती. चारच दिवसांनीं आपल्या सरकारनें हवामान पाहणाऱ्या एका उपग्रहास 'कल्पना-1' हें नांव दिलें. तो 2017 पर्यंत कार्य करीत होता; कामणच्या शेतकऱ्याची पेरणी व वसईच्या कोळ्याची होडी ज्या हवामानवार्तेवर विसंबते, तिला त्याचा हातभार लागे.

हा सन्मान योग्यच होय. परंतु नांव दिल्यानें स्मरणाचें ऋण फिटतें काय?

त्या मरणाचें कारण पाहा. 16 जानेवारीस यान वर चढत असतां इंधनाच्या टाकीवरील फेसासारख्या हलक्या आवरणाचा सुमारें पाऊण किलोचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. पंखाचीं छायाचित्रें घ्यावीं, अशी विनंती कांहीं अभियंत्यांनीं केली; वरिष्ठांनीं ती पुढें जाऊं दिली नाहीं. असे तुकडे पूर्वींही पडले होते आणि यानें सुखरूप परतलीं होतीं, म्हणून धोक्याची भीतीच मेली होती. परततांना आघातानें पडलेल्या छिद्रावाटे तप्त वायु पंखांत शिरला. चौकशीमंडळानें त्याच वर्षीं सांगितलें कीं, त्या तुकड्याइतकाच दोष संस्थेच्या वहिवाटीचा आहे. सन 1986 मध्यें 'चॅलेंजर' यानावर असेच सात जण मेले होते; तेव्हांही थंडीविषयीं अभियंत्यांनीं दिलेला इशारा बाजूस सारला गेला होता. म्हणजे सतरा वर्षें मृतांचें स्मरण झालें, पण त्यांच्या मरणाचा धडा विसरला गेला.

कोणी म्हणेल, शोकाच्या वेळीं दोष काढणें हा मृतांचा अपमान नव्हे काय? वेळ पाहून बोलावें हें खरें. परंतु 'देवाची इच्छा' म्हणून स्वस्थ बसणें म्हणजे आपला आळस देवाच्या माथीं मारणें होय.

आपल्या शेजारच्या चिंचोटीच्या धबधब्यांत किती तरुण बुडाले! दर वेळीं आपण हळहळतों. पण पुढच्या पावसाळ्यांत पाण्याची ओढ जाणणारा एखादा गुराखी 'उतरूं नका' म्हणेल, तेव्हां त्याचें कोणी ऐकेल काय? ऐकलें तर बुडालेल्यांचें स्मरण झालें. नाहीं तर फुलें वाहिलीं इतकेंच.

बंधुभगिनींनो, लहानाच्या तोंडचा इशारा मानानें ऐकावा, आणि आपणांस धोका दिसला तर मोठ्यांपुढेंही बोलावें. त्या सात जणांस ह्याहून मोलाची श्रद्धांजली आपल्या हातीं नाहीं.