एकच गुंडा

माझ्या ट्रंकेत एक निळा गुंडा सात वर्षं पडून आहे. मेरिनोची लोकर, पन्नास ग्रॅम. हातात घेतली की खाली ठेववत नाही. भाचीनं परदेशातून आणली आणि म्हणाली, "मावशी, तुला हवं ते विण." मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते, एका गुंड्यात तो होत नाही. तान्ह्याचं टोपडं होईल, पण एवढी भारी लोकर टोपड्याला घालायला मन होईना.

विणणारीला लोकर देताना लोक रंग बघतात, वजन बघायचं राहून जातं.

*

लोकर घ्यायची ती पुरेशी घ्यावी, आणि एकदाच घ्यावी. वेष्टनावर लॉट नंबर असतो. रंगाची कढई बदलली की तोच रंग किंचित वेगळा उतरतो. दुकानातल्या दिव्याखाली तो फरक कळत नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा मामंजींच्या स्वेटरची एक बाही सुयांवरच होती. ती मी पुरी केली, दुसरी नव्यानं घातली. लोकर कल्याणहून आणली, कंपनी तीच आणि रंगाचा नंबरही तोच, पण लॉट दुसरा निघाला. घरात तो स्वेटर एकसारखा दिसे. अंगणात गेलं की उजवी बाही वेगळी कळे. मामंजी सकाळी तो घालून उन्हातच बसत आणि बाहीवरून हात फिरवत. त्यांचा हात माझ्या बाहीवरून फिरतो की सासूबाईंच्या, हे मी कधी विचारलं नाही.

*

आमच्याकडे, खोपोलीला, थंडी ती कितीशी! पौषात पहाटे दोन तास अंगावर काही घ्यावंसं वाटतं, नऊ वाजले की पुन्हा घाम. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. बोर घाट चढून लोणावळा गाठेपर्यंत गाडी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर गेलेली असते. स्वेटर खरा त्या वरच्या माणसांचा. आमचा वर्षातले दहा महिने डांबराच्या गोळ्यांत असतो, नाहीतर त्याला कसर लागते.

म्हणून इथली बाई विणते ते बहुधा दुसऱ्या हवेतल्या माणसासाठी. घाटावर दिलेली लेक, उत्तरेत नोकरीला लागलेला भाऊ, अजून जन्मायचं असलेलं नातवंड. 1962 च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्यांत जन्मात बर्फ न पाहिलेल्या कितीतरी होत्या. जी थंडी आपल्या अंगाला कधी लागली नाही, तिचा अंदाज बांधून टाके घालायचे.

*

दुकानात आपण 'लोकर द्या' म्हणतो आणि हातात पडतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक. मेंढीशी त्याचा संबंध नाही, ते खनिज तेलापासून होतं. त्याचंच एक भावंड आमच्या दारात जन्मतं. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सच्या कारखान्यात 1982 पासून पॉलिएस्टरचा धागा निघतो. मेंढ्या मात्र कोकणात पाहुण्या. भात कापून झालं की धनगर कळप घेऊन घाट उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, पावसाच्या आधी ते वर परततात. त्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिची घोंगडी होते आणि पावसाला बराच वेळ दाद देत नाही. बाळाच्या गालाला ती लावता येत नाही.

कुठली लोकर चांगली, असं मला विचारतात. घालणाऱ्याचे कपडे कोण धुतं आणि कुठे धुतं, हे मी उलट विचारते. नदीवर दगडावर आपटून धुणं होत असेल तर ॲक्रिलिकच द्यावं. ते आटत नाही, उन्हात लगेच वाळतं. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की तिचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड घट्ट आणि तोकडं होतं, आणि मग काही केल्या मोकळं होत नाही. ज्या घरात पाणी डोक्यावरून येतं, तिथे 'कोमट पाण्यात वेगळं धुवा' अशी भेट देणं म्हणजे त्या बाईला आणखी एक काम देणं.

*

आणि तरीही.

बाळंतविड्यात झबलं, दुपटं, कुंची, टोपडं, मोजे येतात. झबली सुती, मोजे-टोपडं विणलेलं. आमच्याकडे अजून बाळाला न्हाऊमाखू झालं की धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा टाकायच्या, टोपडं धुरावर धरून ऊबदार करायचं आणि डोक्यावर चढवायचं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असते. अशा घरात मी वर्षानुवर्षं ॲक्रिलिकची टोपडी दिली, कारण ती मऊ होती, स्वस्त होती, गुलाबी मिळत होती.

एकदा बाळ न्हात असताना एका टोपड्याची कड निखाऱ्याला लागली. क्षणात ती वितळली, काळी होऊन कडक झाली. सुती असतं तर जळलं असतं, हे चिकटलं असतं. टोपडं डोक्यावर नव्हतं म्हणून निभावलं. मी ते घरी आणलं, ती काळी कड बोटानं चाचपत रात्रभर बसले. मेंढीची लोकर सहजी पेट घेत नाही आणि वितळतही नाही, विस्तवापासून दूर केली की बहुधा आपसूक विझते. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. विणताना आठवलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाळाचा चेहरा होता, बाळाची खोली नव्हती.

*

विणणाऱ्या बाईला काय द्यावं?

काळी लोकर पन्नाशीनंतर देऊ नये. दिव्याखाली टाके दिसत नाहीत, आणि 'दिसत नाही' हे तिला तोंडानं म्हणावं लागतं.

गोल सुई द्यावी. दोन टोकं आणि मध्ये वायर. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये लांब सरळ सुया चालवायच्या म्हणजे शेजारणीच्या बरगड्या. एक सुई निसटून बाकाखाली गेली की अंबरनाथपर्यंत ती बायकांच्या पायांत फिरते. सुईचा नंबर मात्र विचारून घ्यावा. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, आठ नंबरची चार मिलिमीटर, अकराची तीन. ज्यांना ठाऊक नाही ते हमखास उलटी आणतात.

नव्यानं शिकणारीला मफलर विणायला सांगतात, ते मला पटत नाही. दोनशे ओळी त्याच! हात बसायच्या आधी जीव विटतो. तिला टोपी द्यावी. टाके घालणं, उलट, सुलट, टाके कमी करणं, सगळं चार संध्याकाळींत हाताखालून जातं, आणि शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर घालता येते.

फार चांगली भेट हवी तर लडी आणावी आणि ती आपल्या दोन्ही हातांवर घालून समोर बसावं. ती गुंडा करील. अर्धा तास हात हलवायचे नाहीत, उठायचं नाही. माझ्या आईपुढे असं बसून मी तिच्या माहेरच्या जेवढ्या गोष्टी ऐकल्या, तेवढ्या एरवी कधी ऐकल्या नाहीत. हल्ली लोकर गुंडा होऊनच येते.

*

मार्गशीर्षात जावेच्या लेकीला दिवस भरतील. पहिलटकरीण, बाळंतपणाला इथेच येणार. धुरी होणारच, जाऊबाई ऐकायच्या नाहीत, आणि मलाही ती बंद व्हावी असं वाटत नाही.

निळा गुंडा काढला. दहा सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोजले, नमुना उसवून तीच लोकर परत घेतली, कारण दुसरा गुंडा नाही. अकरा नंबरची गोल सुई. काल कर्जतला खोपोलीच्या गाडीत खिडकी मिळाली. पळसदरीपर्यंत टाके घातले, केळवली, डोळवली करत लौजी येईतो उलट-सुलटची बोटभर पट्टी झाली. समोरची कॉलेजातली मुलगी बघत होती. धुतल्यावर आटेल ना हो, म्हणाली. मी म्हटलं, आटेल. म्हणून जाऊबाईंना आजच सांगणार आहे, टोपडं मळलं की माझ्याकडे पाठवा, धुऊन मी देईन.